पीएलसीमधलं इनपुट-आउटपुट मेमरी मॅपिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पीएलसी म्हणजे यंत्रं चालवणारा औद्योगिक कंट्रोलर, आणि मॅपिंग म्हणजे बाहेरच्या उपकरणाचा डेटा त्याच्या मेमरीत कुठे बसेल हे ठरवणं. इथले प्रश्न मुख्यतः सीमेन्सचे एस७-१२०० आणि एस७-१५०० हे पीएलसी, आणि प्रोफिनेट, मॉडबस आणि इथरनेट/आयपी हे नेटवर्क प्रोटोकॉल यांच्याबद्दल आहेत. डेल्टा, मित्सुबिशी आणि कोडेसिस सॉफ्टवेअरवर चालणारे कंट्रोलर जिथे वेगळे वागतात तिथे तेही आलेत. साइटवरच्या बहुतेक अडचणींचं मूळ एकच असतं. लिंकचा हिरवा दिवा लागला की आकडेही बरोबर आले असं धरलं जातं. नेटवर्क फक्त बाइट पोचवतं. त्या बाइटचा अर्थ दोन्ही टोकांना सारखा लावलाय की नाही, हे कुठलाच एलईडी सांगत नाही.

मॅपिंग करायचं म्हणजे नक्की काय काय ठरवायचं?

डेटाची दिशा, सुरुवातीचा अ‍ॅड्रेस, लांबी, डेटा टाइप व बाइटचा क्रम, आणि लिंक तुटल्यावर ती जागा काय दाखवेल. पहिल्या तीन गोष्टी सॉफ्टवेअर विचारतंच. उरलेल्या दोन कोणी विचारत नाही, म्हणून राहून जातात.

ड्राइव्हच्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या उपकरणाच्या) मॅन्युअलमध्ये 'आउटपुट डेटा' लिहिलंय, ते आमच्याकडे आउटपुट की इनपुट?

कंट्रोलरच्या बाजूने पाहायची सवय ठेवा: कंट्रोलरकडे येतं ते इनपुट, कंट्रोलरकडून जातं ते आउटपुट. प्रोफिनेट आणि प्रोफिबसमध्ये हाच नियम आहे. घोळ होतो तो डिव्हाइस बनवणाऱ्याने स्वतःच्या बाजूने लिहिलेल्या मॅन्युअलमुळे. तिथे 'प्रोड्यूस्ड' म्हणजे डिव्हाइसने पाठवलेला डेटा, म्हणजे आपलं इनपुट. इथरनेट/आयपीमध्ये 'टी टू ओ' (टार्गेट म्हणजे डिव्हाइसकडून ओरिजिनेटर म्हणजे कंट्रोलरकडे) हे आपलं इनपुट आणि 'ओ टू टी' हे आपलं आउटपुट. गेटवे, म्हणजे दोन नेटवर्क जोडणारं उपकरण, असेल तर हा प्रश्न दोनदा सोडवावा लागतो, कारण गेटवे एका बाजूला उत्तर देणारा स्लेव्ह आणि दुसऱ्या बाजूला विचारणारा मास्टर असतो. कागदावर बाण काढून घ्या, ते जास्त खात्रीचं.

आयडब्ल्यू ६४ वाचलं की थेट मॉड्यूलमधली किंमत मिळते का?

नाही, प्रोसेस इमेजमधली, म्हणजे कंट्रोलरच्या मेमरीतली, प्रत मिळते. (सीमेन्समध्ये आय म्हणजे इनपुट, क्यू आउटपुट, एम अंतर्गत मेमरी; पुढचं बी म्हणजे बाइट, डब्ल्यू १६ बिटांचा वर्ड, डी ३२ बिटांचा डबल वर्ड.) कंट्रोलर प्रत्येक सायकलच्या सीमेवर इनपुटची प्रत घेतो आणि आउटपुटची प्रत बाहेर लिहितो. मधल्या काळात प्रोग्रॅम त्या प्रतीवर चालतो. त्यामुळे एकाच सायकलमध्ये एक इनपुट दहा ठिकाणी वाचलं तरी किंमत तीच राहते, आणि बहुतेक लॉजिकला तेच हवं असतं. त्या क्षणाची किंमत हवी असेल तर अ‍ॅड्रेसच्या शेवटी ':पी' लावून थेट वाचता येतं. असं वाचल्यावर इमेज बदलत नाही, त्यामुळे त्याच सायकलमध्ये दोन ठिकाणी दोन वेगळ्या किमती दिसू शकतात.

एस७-१२०० मध्ये ही इमेज इनपुटसाठी १०२४ बाइट आणि आउटपुटसाठी १०२४ बाइट आहे. एस७-१५०० मध्ये दोन्हींना ३२ केबी.

मॉड्यूलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'प्रोसेस इमेज' नावाची सेटिंग असते. तिथे 'ऑटोमॅटिक अपडेट'ऐवजी चुकून 'नन' किंवा एखादं रिकामं पार्टिशन निवडलं गेलं, तर डिव्हाइस ऑनलाइन हिरवं दिसतं पण आकडा ढिम्म हलत नाही. लोक वायरिंग उपसतात, आणि दोष असतो एका ड्रॉपडाउनमध्ये.

आणखी एक गोष्ट इथेच. एस७-१२०० च्या स्वतःच्या डिजिटल इनपुटवर ६.४ मिलिसेकंदांचा फिल्टर मुळातच लावलेला असतो. फ्लोमीटरचे पल्स त्याहून आखूड असतील तर मॅपिंग कितीही बरोबर असलं तरी ते मोजले जाणार नाहीत. हायस्पीड काउंटर वापरा, त्या इनपुटचा फिल्टर कमी करा आणि किंमत आयडी १००० वरून घ्या. पहिल्या काउंटरचा मूळ अ‍ॅड्रेस तोच आहे.

सीमेन्सच्या टीआयए पोर्टल सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्या कंपनीचं प्रोफिनेट डिव्हाइस कसं जोडायचं?

१. त्या मॉडेलची आणि त्याच फर्मवेअरची जीएसडीएमएल (डिव्हाइसचं वर्णन देणारी) फाइल घ्या. 'ऑप्शन्स' मेनूतून स्टेशन डिस्क्रिप्शन फाइल्समध्ये जाऊन ती इन्स्टॉल करा. सोबतची चित्रफाइल त्याच फोल्डरमध्ये असू द्या.
२. नेटवर्क व्ह्यूमध्ये डिव्हाइस ओढून आणा, 'नॉट असाइन्ड'वर क्लिक करा आणि कंट्रोलर निवडा.
३. डिव्हाइस व्ह्यूमध्ये मॉड्यूल टाका. प्रत्यक्ष रॅकवर ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने आणि त्याच स्लॉटमध्ये. इथेच आय आणि क्यू अ‍ॅड्रेसचे रकाने दिसतात. गरज असेल तर तिथे आपला अ‍ॅड्रेस टाका.
४. डिव्हाइसला नाव द्या आणि 'असाइन डिव्हाइस नेम'ने ते नाव प्रत्यक्ष डिव्हाइसमध्ये लिहा.
५. हार्डवेअर कंपाइल करून डाउनलोड करा.

सगळ्यात जास्त वेळ चौथ्या पायरीत जातो. प्रोफिनेट कंट्रोलर डिव्हाइसला नावाने शोधतो आणि आयपी अ‍ॅड्रेस नंतर स्वतःच देतो. पिंग लागतंय पण डिव्हाइस लाल आहे, असं दिसलं तर आधी नाव तपासा. नावात छोटी अक्षरं, आकडे, हायफन आणि टिंब एवढंच ठेवा. अंडरस्कोअर किंवा स्पेस टाकली तर टीआयए आतून वेगळंच नाव बनवतं आणि ते लेबलवरच्या नावाशी जुळत नाही.

ईटी २०० एसपी, म्हणजे सीमेन्सचं रिमोट आयओ स्टेशन, असेल तर शेवटचं सर्व्हर मॉड्यूल विसरू नका. कॉन्फिगरेशनमध्ये आहे आणि रॅकवर नाही, किंवा त्याच्या उलट, असं झालं की स्टेशन नीट उभंच राहत नाही. फिकट रंगाच्या बेसयुनिटपासून (मॉड्यूल ज्यावर बसतं तो पाया) सप्लायचा नवा गट सुरू होतो, गडद बेसयुनिट डावीकडचाच सप्लाय पुढे नेतं. अ‍ॅड्रेस बरोबर आणि सगळे इनपुट शून्य, असं असेल तर गडद-फिकट नीट बघा.

अपडेट टाइम उगाच कमी करू नका. मूळ सेटिंगमध्ये सलग तीन अपडेट चुकले की डिव्हाइस गेलं असं मानलं जातं. २ मिलिसेकंद अपडेट म्हणजे फक्त ६ मिलिसेकंदांचा वॉचडॉग, म्हणजे वाट पाहण्याची मर्यादा. पंपिंग स्टेशनच्या व्हॉल्व्हला ३२ मिलिसेकंदही पुरतात.

ड्राइव्ह ऑनलाइन आहे, कंट्रोल वर्ड पाठवतोय, पण मोटर फिरत नाही. का?

दहापैकी बऱ्याच वेळा बिट चुकीच्या बाइटमध्ये गेलेला असतो. सीमेन्समध्ये वर्डचा पहिला बाइट हा वरचा बाइट. क्यूडब्ल्यू २५६ मध्ये क्यूबी २५६ वरचा आणि क्यूबी २५७ खालचा. म्हणजे कंट्रोल वर्डचा बिट ० क्यू २५६.० वर नसून क्यू २५७.० वर आहे.

स्टँडर्ड टेलिग्राम १ (ड्राइव्हसोबतच्या डेटाची ठरलेली मांडणी) घ्या, दोन वर्ड जातात आणि दोन येतात. सुरुवात २५६ पासून असेल तर:

क्यूडब्ल्यू २५६ हा कंट्रोल वर्ड, क्यूडब्ल्यू २५८ हा स्पीड सेटपॉइंट. आयडब्ल्यू २५६ हा स्टेटस वर्ड, आयडब्ल्यू २५८ हा प्रत्यक्ष स्पीड. चालू-बंद म्हणजे बिट ०, तो क्यू २५७.० वर. 'पीएलसीकडून कंट्रोल' म्हणजे बिट १०, तो क्यू २५६.२ वर. हा बिट १ नसेल तर ड्राइव्ह बाकी सगळ्याकडे दुर्लक्ष करतो. 'ऑपरेशन एनेबल्ड' आय २५७.२ वर आणि फॉल्ट आय २५७.३ वर येतो.

चालू करताना आधी हेक्स ०४७ई, म्हणजे दशमान ११५०, पाठवा आणि मग ०४७एफ, म्हणजे ११५१. थेट ११५१ पाठवलं तर ड्राइव्हला बिट ० ची चढती कड मिळत नाही आणि तो 'स्विच ऑनसाठी तयार नाही' या अवस्थेत बसून राहतो. फॉल्ट रीसेटसाठी बिट ७ वापरायचा: १२७८ पाठवून परत ११५० वर या. सेटपॉइंटमध्ये १६३८४ म्हणजे १०० टक्के, आणि हे १०० टक्के म्हणजे ड्राइव्हच्या पी २००० या पॅरामीटरमध्ये भरलेला रेफरन्स स्पीड. पी २००० मध्ये १५०० आरपीएम असेल तर ८१९२ पाठवल्यावर ७५० आरपीएम मिळतील. मोटर निम्म्या किंवा दुप्पट वेगाने पळत असेल तर पीएलसी सोडा, पी २००० पाहा.

अ‍ॅनालॉगचा आकडा २७६४८ वरच का थांबतो?

सीमेन्सच्या अ‍ॅनालॉग मॉड्यूलवर पूर्ण रेंज म्हणजे ० ते २७६४८. ४ ते २० मिलिअँपियरच्या चॅनलवर ४ म्हणजे ०, १२ म्हणजे १३८२४ आणि २० म्हणजे २७६४८. ट्रान्समीटर ० ते १० बारचा असेल तर १३८२४ ला ५ बार यायला हवेत. स्केलिंगच्या दोन इन्स्ट्रक्शनपैकी 'नॉर्म-एक्स'मध्ये ० आणि २७६४८, 'स्केल-एक्स'मध्ये ० आणि १० भरा. २७६४८ च्या जागी ३२७६७ भरणाऱ्याला २० मिलिअँपियरला जेमतेम ८.४ बार दिसतात आणि मग ट्रान्समीटरला दोष दिला जातो. आकडा नेमका ३२७६७ आला तर तो ओव्हरफ्लो किंवा तुटलेली वायर आहे. त्याला स्केलिंगमधून जाऊ देऊ नका, आधीच अडवा.

१२१४सी सारख्या सीपीयूवरचे दोन अ‍ॅनालॉग इनपुट, आयडब्ल्यू ६४ आणि आयडब्ल्यू ६६, फक्त ० ते १० व्होल्टचे आहेत. तिथे करंट लूप जोडायचाच असेल तर ५०० ओहमचा अचूक रेझिस्टर समांतर लावा. मग २० मिलिअँपियरला १० व्होल्ट होतात, पण ४ मिलिअँपियरला २ व्होल्ट, म्हणजे सुमारे ५५३० येतात. स्केलिंगची खालची मर्यादा तीच घ्यावी लागेल. खरंतर करंट इनपुटचं मॉड्यूल घेतलेलं बरं.

एक टॅग बदलला की दुसराच आकडा हलतो. हे काय?

ओव्हरलॅप. एमडब्ल्यू १० म्हणजे बाइट १० आणि ११. एमडब्ल्यू ११ म्हणजे ११ आणि १२. बाइट ११ दोघांचाही. एमडी २० हा २० ते २३ अडवून बसतो, त्यामुळे एम २२.५ ला कोणी पुश-बटण दिलं असेल तर बटण दाबल्यावर तिथली रिअल (दशांश) किंमत उडी मारेल. हार्डवेअरच्या अ‍ॅड्रेसवर टीआयए असा ओव्हरलॅप करू देत नाही, पण एम मेमरीवर कुठलीही आडकाठी नाही. 'असाइनमेंट लिस्ट' उघडली की कुठले बाइट कोणी घेतलेत ते एका नजरेत दिसतं. नवीन कामात एम मेमरी टाळून डेटा ब्लॉक वापरला तर हा प्रश्नच उरत नाही.

मॉडबसवर सगळे आकडे एक घर सरकल्यासारखे येतात. का?

कारण मॅन्युअलमध्ये नंबर १ पासून आणि तारेवर अ‍ॅड्रेस ० पासून. मॉडबस १९७९ मध्ये मोडिकॉनने आणलं तेव्हापासूनची ही वहिवाट आहे. ४०००१ हा होल्डिंग रजिस्टर तारेवर ० म्हणून जातो. पुढचा ४ हा फक्त टेबलची खूण आहे: ० म्हणजे कॉइल (आउटपुट बिट), १ डिस्क्रीट इनपुट (इनपुट बिट), ३ इनपुट रजिस्टर (फक्त वाचायचा), ४ होल्डिंग रजिस्टर (वाचता-लिहिता येणारा).

काही मीटर थेट रजिस्टर नंबर देतात. श्नायडरच्या पीएम ५००० मालिकेत फेज ए ते न्यूट्रल व्होल्टेज ३०२८ वर दिलंय. तुमचा मास्टर थेट तारेवरचा अ‍ॅड्रेस मागत असेल तर तिथे ३०२७ भरायचं. एस७-१२०० च्या 'एमबी क्लायंट' या मॉडबस ब्लॉकमध्ये मात्र ४३०२८ असं पूर्ण भरतात आणि वजाबाकी तो ब्लॉक स्वतः करतो. मॅन्युअलमध्ये अ‍ॅड्रेस हेक्समध्ये दिले असतील तर ते बहुधा ० पासूनचे असतात. शंका असेल तर ज्याची किंमत आधीच माहीत आहे असा एक रजिस्टर आधी वाचा. फ्रिक्वेन्सी सगळ्यात सोयीची, कारण आपल्याकडे ती ५० च्या आसपासच असणार.

३ आणि ४ च्या टेबलमधली गल्लत वेगळी. फंक्शन कोड ०३ होल्डिंग वाचतो आणि ०४ इनपुट रजिस्टर. चुकीच्या कोडने काही मीटर एरर देतात, काही शांतपणे शून्य देतात.

व्होल्टेजच्या जागी अचाट आकडा येतो. फ्लोट कसा दुरुस्त करायचा?

२३० व्होल्ट ३२ बिट फ्लोटमध्ये (दशांश संख्येच्या रूपात) म्हणजे हेक्स ४३६६ ००००. मॉडबसमध्ये रजिस्टर १६ बिटांचा, म्हणून हे दोन तुकडे होतात: १७२५४ आणि ०. एका रजिस्टरच्या आत वरचा बाइट आधी, हे प्रमाणात ठरलेलं आहे. दोन रजिस्टरपैकी आधी कुठला, हे ठरलेलं नाही, ते बनवणाऱ्यावर आहे. म्हणून कच्चे आकडे पाहून ओळखायचं:

पहिला १७२५४, दुसरा ० आला तर क्रम सरळ आहे, काही करायला नको. पहिला ०, दुसरा १७२५४ आला तर वर्ड उलटे आहेत. अशा वेळी फ्लोट म्हणून वाचलं तर शून्यासारखी अतिसूक्ष्म किंमत दिसते. २६१७९ दिसला तर बाइट उलटे आहेत. तो हेक्स ६६४३ आहे आणि त्याचा फ्लोट २३ शून्यांचा राक्षस होतो.

एस७ मध्ये वर्ड अदलाबदल करायला डबल वर्डवर आरओएल (बिट डावीकडे फिरवणं) १६ पुरतं. बाइट उलटे असतील तर प्रत्येक वर्डवर स्वॅप. मग डीवर्डवरून रिअलकडे बिट-जसेच्या-तसे न्या. इथे 'डीइंट टू रिअल' वापरलं तर २३० ऐवजी ११३ कोटी ७ लाख ५८ हजार १४४ येतील. तो आकडा दिसला की क्रम बरोबर आहे आणि रूपांतर चुकलंय, हे समजून घ्या.

किलोवॉट-अवरचा आकडा मधूनच उडी का मारतो?

दोन अर्धे वेगवेगळ्या रिक्वेस्टमध्ये वाचले जातायत. काउंटर ६५५३५ वरून ६५५३६ वर जाताना खालचा वर्ड ६५५३५ वरून ० होतो आणि वरचा ० वरून १. एक अर्धा जुना, एक नवा धरला तर ० किंवा १३१०७१ असा आकडा तयार होतो. ३२ बिटांची किंमत नेहमी एकाच रिक्वेस्टमध्ये वाचा. एका रिक्वेस्टमध्ये जास्तीत जास्त १२५ रजिस्टर वाचता येतात, आणि फंक्शन १६ ने १२३ लिहिता येतात. ब्लॉक पाडताना १२५ च्या हद्दीवर एखादी फ्लोट चिरली जाणार नाही याकडे लक्ष द्या.

आरएस-४८५ लाइनवर २० एनर्जी मीटर आहेत, डेटा फार हळू येतो. किती वेळ अपेक्षित आहे?

हिशेब सोपा आहे. १० रजिस्टर वाचायला ८ बाइट जातात आणि २५ येतात, एकूण ३३. प्रत्येक बाइटला ११ बिट धरले तर ३६३ बिट. ९६०० बॉडला सुमारे ३८ मिलिसेकंद. त्यात दोन वेळा साडेतीन कॅरेक्टरची शांतता, प्रत्येकी ४ मिलिसेकंद, आणि मीटरचा स्वतःचा उत्तर द्यायचा वेळ. एका मीटरला ५० ते १०० मिलिसेकंद म्हणजे २० मीटरची फेरी १ ते २ सेकंदांची. याहून फार जास्त लागत असेल तर एखादा मीटर बंद असून त्याचा टाइमआउट सगळी फेरी अडवतोय. टाइमआउट १ सेकंद आणि ३ रिट्राय असतील तर एक बंद मीटर ४ सेकंद खातो. बंद स्टेशन बाजूला काढून त्याला मिनिटातून एकदाच विचारा.

विखुरलेले रजिस्टर एकेक वाचण्यापेक्षा मधले नको असलेलेही धरून एक सलग ब्लॉक वाचलेला स्वस्त पडतो. फक्त मध्ये न वापरलेला अ‍ॅड्रेस असला की काही मीटर अख्खी रिक्वेस्टच नाकारतात. लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहम हवेत. मधल्या मीटरांवर नको.

एस७-१२०० वर मॉडबसचा स्टेटस ८३८३ येतो.

पलीकडचं उपकरण म्हणतंय की हा डेटा अ‍ॅड्रेस माझ्याकडे नाही. सुरुवातीचा अ‍ॅड्रेस किंवा लांबी हद्दीबाहेर गेलीय. ८३८१ म्हणजे तो फंक्शन कोडच चालत नाही. पीएलसी स्वतः सर्व्हर असेल तर होल्डिंग रजिस्टरसाठी दिलेला डेटा ब्लॉक मागितलेल्या लांबीएवढा आहे ना, ते बघा. त्या ब्लॉकचा 'ऑप्टिमाइझ्ड अ‍ॅक्सेस' काढून ठेवा, म्हणजे ऑफसेट दिसतात आणि रजिस्टर नंबरशी ताडून पाहता येतात: ४०००१ म्हणजे बाइट ०, ४०००२ म्हणजे बाइट २.

डेल्टाचा डी० मॉडबसवर कुठे सापडेल?

डीव्हीपी मालिकेत डी० हेक्स १००० वर, म्हणजे ४०९६ वर आहे. रजिस्टर नंबरच्या भाषेत ४०४०९७. डी१०० म्हणजे ४०४१९७. एम० हेक्स ०८०० वर, म्हणजे कॉइल २०४९. स्काडामध्ये, म्हणजे देखरेखीच्या सॉफ्टवेअरमध्ये, ४०००१ टाकून डी० शोधणाऱ्याला तिथे काहीच सापडत नाही. कम्युनिकेशन पोर्टची मूळ सेटिंग ९६००, ७, ई, १ आणि एएससीआयआय मोड आहे. मॉडबसचा आरटीयू मोड हवा असेल तर ती बदलावी लागते, आणि आरटीयूला ८ डेटा बिटच लागतात.

मित्सुबिशीमध्ये एक्स७ नंतर एक्स१० का?

एफएक्स मालिकेत एक्स आणि वाय अष्टमान आहेत, ८ आणि ९ येतच नाहीत. क्यू मालिकेत तेच हेक्समध्ये. जुना एफएक्स काढून मोठा कंट्रोलर बसवताना आयओ लिस्ट जशीच्या तशी उतरवली तर नवव्या इनपुटपासून पुढे सगळं सरकतं. मित्सुबिशीच्या सीसी-लिंक नेटवर्कमध्ये एक स्टेशन ३२ आरएक्स (इनपुट बिट), ३२ आरवाय (आउटपुट बिट) आणि प्रत्येकी ४ आरडब्ल्यूआर व आरडब्ल्यूडब्ल्यू (येणारे-जाणारे वर्ड) अडवतं. चार इनपुटचं छोटं युनिट लावलं तरी पुढच्या स्टेशनची सुरुवात ३२ नंतरच.

रॉकवेलच्या स्टुडिओ ५००० मध्ये जेनेरिक इथरनेट मॉड्यूल कनेक्शनच घेत नाही.

एरर १६#०१०९ असेल तर लांबी चुकलीय. लांबीचं एकक तुम्ही निवडलेल्या कॉम फॉरमॅटवर ठरतं. डिव्हाइस ४ बाइट देत असेल तर एसइंटमध्ये (८ बिट) ४, इंटमध्ये (१६ बिट) २ आणि डीइंटमध्ये (३२ बिट) १ भरायचं. मॅन्युअलमधला बाइटचा आकडा इंटच्या रकान्यात टाकला की कनेक्शन अडतं. मॉड्यूल एकदा बनवल्यावर कॉम फॉरमॅट बदलत नाही, ते काढून नव्याने टाकावं लागतं. म्हणून आधी नीट ठरवा. असेंब्ली इन्स्टन्सचे (डिव्हाइसमधल्या डेटा गटांचे) नंबर डिव्हाइसच्या मॅन्युअलमधूनच घ्या, कुठल्याही जुन्या प्रोजेक्टमधून नको. कॉन्फिगरेशन असेंब्ली वापरत नसाल तरी तिचा नंबर मागितला जातो, लांबी ० ठेवा.

इथरनेट/आयपीमध्ये खालचा बाइट आधी जातो, प्रोफिनेटमध्ये वरचा. एकच रोबोट किंवा वेल्डिंग कंट्रोलर दोन्ही प्रोटोकॉलवर विकला जातो तेव्हा एका लाइनवरचं मॅपिंग दुसऱ्या लाइनवर उचलून नेता येत नाही, ते याचमुळे.

कोडेसिसवर आयडब्ल्यू १ आणि सीमेन्सचा आयडब्ल्यू १ एकच का?

नाही. सीमेन्समध्ये आकडा बाइटचा असतो, म्हणून वर्ड ०, २, ४ असे जातात. कोडेसिसमध्ये मुळातच आकडा वर्डचा असतो: आयडब्ल्यू ० म्हणजे बाइट ० आणि १, आयडब्ल्यू १ म्हणजे बाइट २ आणि ३. शिवाय अ‍ॅड्रेस आपोआप दिले जातात, त्यामुळे यादीत वर एखादं डिव्हाइस घुसवलं की खालचे सगळे अ‍ॅड्रेस सरकू शकतात. प्रोग्रॅममध्ये अ‍ॅड्रेस लिहू नका, मॅपिंगच्या टॅबवर व्हेरिएबल जोडा. त्याच टॅबवर 'ऑलवेज अपडेट व्हेरिएबल्स' बंद असतं आणि प्रोग्रॅममध्ये कुठेच न वापरलेला चॅनल अपडेट होत नाही. नुसतं बघायला ऑनलाइन गेलेला माणूस त्यामुळे चक्रावतो.

केबल तुटली तर मेमरीत काय राहतं?

याचं उत्तर प्रोटोकॉलप्रमाणे बदलतं आणि ते आधी माहीत हवं. एस७-१२०० आणि १५०० मध्ये प्रोफिनेट डिव्हाइस गेलं की त्याचे इनपुट ० होतात. मॉडबसमध्ये शेवटची किंमत बफरमध्ये तशीच पडून राहते. दोन्ही घातक. टाकीची लेव्हल ० दिसली तर लॉजिक पंप चालू करून टाकी ओसंडवेल. शेवटची ४० टक्के अडकून राहिली तर टाकी भरली तरी कोणाला कळणार नाही.

म्हणून लेव्हल, प्रेशर, टेम्परेचर यांपैकी काहीही लॉजिकमध्ये घेताना त्याच्या शेजारी 'डेटा ग्राह्य' हा बिट हवाच. प्रोफिनेटमध्ये 'डिव्हाइसस्टेट्स' हे इन्स्ट्रक्शन वापरा. मॉडबसमध्ये 'डन' (वाचन पूर्ण झालं) हा बिट आल्यावर टायमर रीसेट करा आणि तीन फेऱ्यांइतका वेळ 'डन' आलं नाही तर डेटा बाद धरा. दोन पीएलसींमध्ये एकमेकांना एक बिट किंवा वाढता आकडा परत पाठवत राहणं सगळ्यात साधं. जुन्या एस७-३०० मध्ये ओबी ८६ हा एरर हाताळणारा ब्लॉक टाकला नसेल तर एक डिव्हाइस गेल्यावर अख्खा सीपीयू स्टॉपमध्ये जातो.

आउटपुटची बाजूही बघा. मॉड्यूलमध्ये सीपीयू स्टॉप झाल्यावर ० करायचं, शेवटची किंमत धरायची की ठरावीक किंमत द्यायची, ही सेटिंग असते. मॉडबसवरचा ड्राइव्ह मात्र त्याचा स्वतःचा कम्युनिकेशन टाइमआउट लावला नसेल तर केबल निघाल्यावरही फिरतच राहतो. इमर्जन्सी स्टॉप साध्या मॅप केलेल्या बिटवरून कधीही देऊ नका. त्यासाठी सेफ्टी रिले किंवा प्रोफिसेफसारखा सेफ्टी प्रोटोकॉल.

ड्राइव्हचा पॅरामीटर प्रत्येक सायकलला लिहिला तर चालेल का?

नाही. पॅरामीटरचा रजिस्टर अनेक ड्राइव्हमध्ये ईईपीरॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) साठतो, आणि त्याला लिहिण्याची मर्यादा असते. सेकंदाला दहा वेळा अ‍ॅक्सिलरेशन टाइम लिहिणारा प्रोग्रॅम ड्राइव्हची मेमरी मारू शकतो. किंमत बदलली तरच लिहा. काही ड्राइव्हमध्ये फक्त रॅममध्ये लिहायचा वेगळा अ‍ॅड्रेस असतो, तो मॅन्युअलमध्ये शोधा.

मॅपिंग बरोबर आहे हे कसं तपासायचं?

मोटर आणि व्हॉल्व्ह आयसोलेट करा. मग पहिल्या वर्डमध्ये ४६६० भरा, तो हेक्स १२३४ आहे. पलीकडे ४६६० दिसला तर ठीक. १३३३० दिसला तर हेक्स ३४१२, म्हणजे बाइट उलटे. ४६६० शेजारच्या वर्डमध्ये दिसला तर सुरुवात चुकलीय. मग शेवटच्या वर्डमध्ये वेगळा आकडा भरून लांबी तपासा. शेवटी प्रत्येक बिट एकेक करून १ करा. सगळे बिट एकदम १ करून 'सगळे आले' म्हणणं ही तपासणी नव्हे, अदलाबदल त्यात लपते. इनपुटसाठी पॅनेलमध्ये नव्हे, फील्डमध्ये जाऊन सेन्सर हलवा. अ‍ॅनालॉगला लूप कॅलिब्रेटरने ४, १२ आणि २० द्या.

आयओ लिस्टमध्ये कुठले रकाने हवेत?

टॅग, डिव्हाइसचं नाव व आयपी किंवा स्टेशन नंबर, स्लॉट, बाइट ऑफसेट, बिट, पीएलसी अ‍ॅड्रेस, डेटा टाइप, वर्ड-बाइट क्रम, कच्ची रेंज, खरी रेंज व एकक, आणि लिंक गेल्यावरची किंमत. प्रोग्रॅममध्ये कच्चे अ‍ॅड्रेस एकाच फंक्शनमध्ये ठेवा: सुरुवातीला इनपुट डेटा ब्लॉकमध्ये उतरवणारं, शेवटी आउटपुट बाहेर लिहिणारं. स्काडाने आय आणि क्यू मेमरीला हात लावायचा नाही, फक्त त्या डेटा ब्लॉकला.

चालू प्लांटमध्ये नंतर चार सिग्नल वाढवायचे झाले तर?

एस७-१२०० आणि साध्या एस७-१५०० वर हार्डवेअर कॉन्फिगरेशन डाउनलोड करायला सीपीयू स्टॉप करावा लागतो, म्हणजे शटडाउन घ्या. दोन पीएलसींमधल्या ट्रान्सफर एरियात (देवाणघेवाणीच्या जागेत) किंवा गेटवेमध्ये सुरुवातीलाच २० टक्के मोकळे बाइट ठेवले असतील तर नवा सिग्नल त्यात बसतो. तेव्हा हार्डवेअरला हात न लावता फक्त प्रोग्रॅम डाउनलोड होतो आणि सीपीयू चालूच राहतो. मोकळे बाइट शेवटी एकत्र ठेवा. मधे मधे पेरून ठेवले की पुढे कोणीतरी ते वापरात आहेत असं समजून त्यांना हात लावत नाही.